डोव्हरची स्कूल बोर्ड निवडणूक : आठ जागा, आठही पराभव

८ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, यॉर्क काउंटीतल्या डोव्हर या गावात स्कूल बोर्डाची निवडणूक झाली. बोर्ड नऊ जणांचं. त्यातल्या आठ जागांसाठी मतदान होतं आणि आठही जागांवर विद्यमान सदस्यच पुन्हा उभे होते. आठही पडले. नववी जागा वाचली, ती मुदत संपलेली नसल्यामुळे निवडणुकीतच नव्हती म्हणून.

डोव्हरचं नाव निघालं की लोकांना खटला आठवतो. जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीच्या जोडीला 'इंटेलिजंट डिझाइन'चा, म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान रचनाकारानेच घडवले असणार या मताचा, उल्लेख करायचा बोर्डाचा निर्णय, त्याविरुद्ध कोर्टात गेलेले अकरा पालक, आणि न्यायमूर्ती जॉन जोन्स यांचा १३९ पानी निकाल. किट्झमिलर विरुद्ध डोव्हर. या खटल्यावर भरपूर लिहिलं गेलंय आणि निवडणूक त्यात एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. मला ती वाटणी पटत नाही. खटल्याचा शेवट ज्या ठिकाणी झाला, त्याच ठिकाणी तो का थांबला, याचं उत्तर मतपेटीत आहे. शिवाय शाळेच्या कारभारासाठी निवडणूक लढवणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला डोव्हरइतकं उघडं प्रकरण दुसरं सापडणं कठीण.

आधी बोर्डाविषयी, कारण आपल्याकडे या जातीची संस्था नाही. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ती आणली. तीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पालकसभेत नावं सुचवली जातात, माना डोलावल्या जातात, समिती तयार होते. पण अभ्यासक्रम राज्याचा, पुस्तकं बालभारतीची, शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या वरून. समितीच्या हातात खरं पाहिलं तर देखरेख आणि शाळा विकास आराखडा. पेनसिल्व्हेनियात मात्र सुमारे ५०० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांच्या कारभाराचे स्थानिक विभाग, आहेत आणि बहुतेक प्रत्येकाचं नऊ जणांचं निवडून आलेलं बोर्ड आहे. हे नऊ जण घरपट्टीसारखा मालमत्ता कर लावतात, सुपरिंटेंडेंट म्हणजे डिस्ट्रिक्टचा शिक्षणप्रमुख नेमतात, शिक्षकांच्या संघटनेशी पगाराचा करार करतात आणि कुठलं पाठ्यपुस्तक घ्यायचं ते मंजूर करतात. मानधन शून्य. मुदत चार वर्षं. निवडणूक विषम वर्षी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष किंवा गव्हर्नरच्या निवडणुकीची गर्दी नसते त्या वर्षी, आणि त्यामुळे मतदानही बेताचंच. उभं राहायला वयाची अठरा वर्षं पूर्ण, डिस्ट्रिक्टमध्ये एक वर्षाचा रहिवास आणि अर्जावर दहा मतदारांच्या सह्या पुरतात. आपल्याकडे सोसायटीच्या कमिटीवर जायला जेवढी खटपट करावी लागते, जवळपास तेवढीच.

एवढ्या सोप्या वाटेने मिळणाऱ्या जागेवर बसून सुमारे साडेतीन हजार मुलांच्या शिक्षणाचे निर्णय घेता येतात. डोव्हरमध्ये ते कसे घेतले गेले ते आता बघू.

२००४च्या उन्हाळ्यात बोर्डापुढे जीवशास्त्राच्या नव्या पुस्तकाचा विषय आला. अभ्यासक्रम समितीचे प्रमुख विल्यम बकिंगहॅम यांनी जूनच्या सभेत त्या पुस्तकात डार्विनवाद ठासून भरलाय अशी तक्रार केली. नंतरच्या सभेत ते म्हणाले की दोन हजार वर्षांपूर्वी एकाने क्रुसावर प्राण दिले, त्याच्या बाजूने कोणी उभं राहणार आहे की नाही? बोर्डातले दुसरे वजनदार सदस्य अॅलन बॉन्सेल हेही त्याच मताचे. हे सगळं जाहीर सभेत, स्थानिक वार्ताहरांसमोर चाललं होतं. ऑगस्टमध्ये बोर्डाच्या वकिलाने सावध केलं की खटला झाला तर हे बोलणं अंगाशी येईल. कोणी ऐकलं नाही.

१८ ऑक्टोबर २००४ला ठराव आला. विद्यार्थ्यांना डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटींची आणि इंटेलिजंट डिझाइनसह इतर सिद्धांतांची जाणीव करून दिली जाईल. ठराव सहा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. विरोधात मत देणाऱ्यांमध्ये केसी आणि जेफ ब्राउन हे नवरा-बायको होते. दोघांनी त्याच रात्री तिथल्या तिथे राजीनामे दिले. तू 'बॉर्न अगेन', म्हणजे श्रद्धा नव्याने मनापासून स्वीकारलेली, ख्रिस्ती आहेस का, असं सहकाऱ्यांनी आपल्याला विचारलं होतं, हे केसी ब्राउन यांनी राजीनामा देताना सांगितलं. विरोधात मत देणारे तिसरे सदस्यही डिस्ट्रिक्ट सोडून चालले होते. पुढच्या काही महिन्यांत, ठरावाच्या बाजूने मत दिलेल्यांपैकीही काही जण गेले. खुद्द बकिंगहॅम यांनी ऑगस्ट २००५मध्ये राजीनामा दिला आणि ते नॉर्थ कॅरोलिनाला राहायला गेले. मतदारांपुढे जायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

या राजीनाम्यांकडे मी जरा थांबून बघतो. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार रिकामी जागा उरलेलं बोर्डच भरतं. म्हणजे विरोधक बाहेर पडले आणि त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं ते बहुमताने ठरवलं. बोर्डात विरोधाचा आवाज जवळजवळ संपला. त्या वेळी ब्राउन दांपत्याने मैदान सोडलं असंच कोणाला वाटलं असेल. पण त्याच कायद्यात पुढची तरतूद अशी की नेमलेला सदस्य फक्त पुढच्या स्थानिक निवडणुकीपर्यंत राहतो. एरवी दर दोन वर्षांनी नऊपैकी चार किंवा पाच जागा निवडणुकीला येतात. २००५मध्ये मुदत संपलेल्या जागांत या नेमणुकांच्या जागांची भर पडली आणि आकडा आठवर गेला. एका दिवसात अख्खं बोर्ड बदलायची संधी पेनसिल्व्हेनियात सहसा मिळत नाही. ती बोर्डाच्या बहुमतानेच नकळत तयार करून ठेवली होती.

जानेवारी २००५मध्ये ठरावाची अंमलबजावणी आली. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात चार परिच्छेदांचं निवेदन वाचायचं. डार्विनचा सिद्धांत हा सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नव्हे. त्यात उणिवा आहेत. इंटेलिजंट डिझाइन हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण आहे. अधिक माहितीसाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक उपलब्ध आहे. वाचायला जेमतेम मिनिट लागेल एवढा मजकूर. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो वाचायला नकार दिला. जे विज्ञान नाही ते विज्ञान म्हणून मुलांपुढे ठेवणं हा राज्याच्या शिक्षक आचारसंहितेचा भंग ठरेल, असं त्यांनी लेखी कळवलं. मग प्रशासनातले अधिकारी वर्गात आले, निवेदन वाचून निघून गेले. प्रश्न विचारायची सोय नव्हती. ज्यांना ऐकायचं नव्हतं ती मुलं तेवढा वेळ बाहेर थांबली.

त्याआधीच, १४ डिसेंबर २००४ला, अकरा पालकांनी फेडरल कोर्टात दावा दाखल केला होता. सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. गावातल्या काही लोकांनी मात्र मे महिन्याच्या प्राथमिक फेरीची, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाची, तारीख पाहून ठेवली.

'डोव्हर केअर्स' नावाचं पॅनल उभं राहिलं. आठ जागा, आठ उमेदवार. पॅनलमध्ये रिपब्लिकनही होते आणि डेमोक्रॅटही. पेनसिल्व्हेनियात स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत एकाच वेळी उतरता येतं. हेतू असा की शाळेत पक्ष आणू नये. परिणाम असा की दोन्हीकडे जिंकलेला उमेदवार नोव्हेंबरमध्ये बिनविरोध जातो. डोव्हरमध्ये मे २००५ला निकाल दुभंगला. विद्यमान सदस्यांना रिपब्लिकन उमेदवारी मिळाली, डोव्हर केअर्सला डेमोक्रॅटिक. कागदावर ही नव्या पॅनलची अडचणच होती, कारण यॉर्क काउंटीत २००४च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश यांना साठ टक्क्यांहून जास्त मतं पडली होती. मतपत्रिकेवर 'डेमोक्रॅट' असं लिहिलेल्या पॅनलने इथे आठच्या आठ जागा घ्याव्यात, हे राजकारण कळणाऱ्या कोणीही आधी म्हटलं नसतं.

प्रचारात त्यांनी काय केलं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटणारा भाग. डार्विन बरोबर की चूक या वादात पॅनल शिरलं नाही. त्यांची भूमिका साधी होती. इंटेलिजंट डिझाइन विज्ञानाच्या तासाला नको. कोणाला शिकायचंच असेल तर तुलनात्मक धर्मासारख्या ऐच्छिक विषयात चर्चा होऊ द्या. त्यामुळे 'हे लोक देवाच्या विरोधात आहेत' हा आरोप नीट चिकटेना. पॅनलमधले ब्रायन रेम हे डोव्हरच्या शाळेतले माजी भौतिकशास्त्र शिक्षक, खटल्यातले वादी, आणि वर बायकोसोबत चर्चमध्ये मुलांची बायबलची सुट्टीतली शाळा चालवणारे. असा माणूस दारात येऊन म्हणतो की वर्गात हे नको, तेव्हा ऐकणाऱ्याला त्याला सहज झटकून टाकता येत नाही.

आणि ते खरोखर दारोदार गेले. एवढ्याशा डिस्ट्रिक्टमध्ये विजयासाठी लागणारी मतं काही हजारांत मोजायची असतात. त्यासाठी सभा गाजवायची गरज नसते. ज्यांची मुलं तुमच्या मुलांसोबत बसने शाळेत जातात त्यांच्याशी बोलायचं असतं. उलट बोर्डाच्या बाजूने बाहेरून मोठी साथ होती. थॉमस मोर लॉ सेंटर ही संस्था बोर्डाचा खटला फुकट लढत होती. पण ही साथ मर्यादित होती, हेही लक्षात घ्यावं. स्वतःच्या वकिलांची फी माफ झाली म्हणजे हरल्यावर समोरच्यांच्या वकिलांची फी माफ होत नाही. इंटेलिजंट डिझाइनचा पुरस्कार करणारी सिअॅटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट तर बोर्डाचं हे धोरण मागे घ्या असं सुरुवातीलाच म्हणून मोकळी झाली होती.

मग योगायोग असा की खटल्याची सुनावणी प्रचाराच्या ऐन भरात आली. २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५, हॅरिसबर्गच्या कोर्टात. शेवटच्या दिवशी बोर्डाच्या वकिलाने न्यायमूर्तींना गंमतीत विचारलं की आज चाळिसावा दिवस आणि आज रात्री चाळिसावी रात्र होईल, हे मुद्दाम जुळवलंत का? बायबलमधला महापूर चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींचा, त्याचा हा संदर्भ. योगायोग मजेशीर आहे, पण ठरवून केलेला नाही, असं न्यायमूर्ती जोन्स म्हणाले.

डोव्हरच्या मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो आधीचा आठवडा. २७ ऑक्टोबरला बकिंगहॅम यांची साक्ष झाली. सभांमध्ये आपण 'क्रिएशनिझम' (जीवसृष्टी देवानेच निर्माण केली हे मत) हा शब्द वापरलाच नाही, वार्ताहरांनी खोटं छापलं, असा बोर्डाच्या लोकांचा पवित्रा होता. कोर्टात टीव्हीची फीत लावली गेली. तीत बकिंगहॅम स्वतःच्या तोंडाने तो शब्द बोलत होते. ३१ ऑक्टोबरला बॉन्सेल साक्षीला आले. 'पांडाज'च्या साठ प्रती शाळेला 'अज्ञात' देणगीदाराकडून आल्या होत्या आणि जानेवारीतल्या जबानीत, पैसे कुठून आले ते माहीत नसल्याचं शपथेवर सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये आवाहन करून ८५० डॉलर जमवले, तेवढ्या रकमेचा चेक लिहिला आणि तो बॉन्सेल यांच्या वडिलांच्या नावाने दिला. चेकवर पुस्तकांचं नावसुद्धा लिहिलेलं. ते वाचल्यावर न्यायमूर्तींनी वकिलांना बाजूला ठेवून स्वतः उलटतपासणी घेतली. विचारलं होतं तेव्हा हे का सांगितलं नाही? बॉन्सेल यांच्या उत्तराने काही भागलं नाही. दुसऱ्या दिवशी हे यॉर्कच्या दोन्ही वर्तमानपत्रांत होतं आणि मतदानाला आठवडा उरला होता.

उत्क्रांतीविषयी मत नसलेल्या माणसालाही चेक समजतो.

मतमोजणीत फरक फार मोठे नव्हते. आठही जागा गेल्या म्हणून लाट होती असं समजायचं कारण नाही. थोडी मतं इकडची तिकडे झाली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. गावाचं मत जवळपास अर्धं-अर्धं होतं आणि सगळ्या जागांचा निकाल एकाच बाजूला गेला, याचं श्रेय मी पूर्ण पॅनल देण्याच्या निर्णयाला देतो. चार चांगले उमेदवार देऊन बाकीच्या जागा सोडल्या असत्या, तर निम्मं बोर्ड जुन्यांच्याच हाती राहिलं असतं आणि पुढे जे घडलं ते घडलं नसतं.

१० नोव्हेंबरला टीव्हीवरचे धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी डोव्हरच्या नागरिकांना बजावलं की तुमच्यावर संकट आलं तर देवाकडे वळू नका, तुम्ही त्याला गावातून घालवून दिलंय. देशभर बातमी झाली. डोव्हरच्या चर्चमध्ये पुढच्या रविवारी नेहमीचीच माणसं आली असणार, त्यात नवे सदस्यही.

एका जागेचा निकाल मात्र लोंबकळला. रेम यांच्या विरुद्ध उभे असलेले जेम्स कॅशमन यांनी तक्रार केली की एका केंद्रावरच्या यंत्रात बाकी उमेदवारांना ९६ ते १२१ मतं पडली आणि त्यांना फक्त एक. तक्रार रास्त होती. कोर्टाने त्या केंद्रावर फेरमतदान घ्यायला लावलं. ३ जानेवारी २००६ला ते झालं आणि रेमच निवडून आले.

दरम्यान, २० डिसेंबरला निकाल लागला होता. न्यायमूर्ती जोन्स हे बुश यांनीच नेमलेले, स्वतः रिपब्लिकन. त्यांनी इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, ते वर्गात आणण्यामागे धार्मिक हेतू होता आणि बोर्डाचे काही सदस्य शपथेवर खोटं बोलले, असं स्पष्ट लिहिलं. ३ जानेवारीलाच नव्या बोर्डाने ते धोरण अधिकृतपणे रद्द केलं.

इथे भारताची एक आठवण येते. २०२३मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातला 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' करून टाकला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्यांचं पत्र काढलं, त्यात महाराष्ट्रातल्या संस्थांतले लोकही होते. पण ज्या समितीने तो भाग गाळला, तिच्यातल्या एकाही माणसाला पालक म्हणून तुम्ही-आम्ही मतदानाने घरी बसवू शकत नाही. केंद्रीकरणाचा एक फायदा नक्की आहे, एखाद्या गावातल्या सहा जणांच्या लहरीवर पुस्तक बदलत नाही. डोव्हरमध्ये ते बदलू शकलं, हेच तर या सगळ्याचं मूळ. तरी बदल करणाऱ्यांची नावं गावाला माहीत होती आणि तारीख ठरलेली होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी नागरिकत्व घेतलंय त्यांना हा हक्क आहे, उभं राहण्याचाही. व्हिसावर असलेल्यांना मत नसतं; तरी बोर्डाच्या सभा खुल्या असतात आणि तिथे उभं राहून बोलता येतं. डोव्हरमध्ये शिक्षक आणि पालक बोलायला लागले ते आधी अशाच सभांमध्ये.

निवडून आल्यावर नव्या बोर्डाच्या वाट्याला पहिलं मोठं काम आलं ते बिलाचं. वादींच्या वकिलांचा खर्च वीस लाख डॉलरच्या वर गेला होता. मोठ्या वकिली फर्मने आपली फी सोडली आणि फेब्रुवारी २००६मध्ये १०,००,०११ डॉलरवर तडजोड झाली. ज्यांनी ठराव केला ते पायउतार झाले होते. पैसे डिस्ट्रिक्टच्या तिजोरीतून, म्हणजे दोन्ही बाजूंना मत दिलेल्या सगळ्या घरांच्या करातून गेले. खटल्यातल्या वादींपैकी एक जण नव्या बोर्डात होता, आणि बिल चुकवणारं बोर्डही तेच.

अपील करायचं की नाही, हेही बोर्डानेच ठरवायचं होतं. प्रतिवादी होतं डोव्हरचं स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि डिस्ट्रिक्टच्या वतीने बोलण्याचा हक्क आता डोव्हर केअर्सकडे होता. जुनं बोर्ड टिकलं असतं तर थॉमस मोर सेंटरचे वकील वरच्या कोर्टात गेले असते, ही शक्यता दाट होती. नव्यांनी अपील केलं नाही. त्यामुळे हा निकाल जिल्हा पातळीच्या फेडरल कोर्टाचाच राहिला आणि पेनसिल्व्हेनियाच्या मध्य जिल्ह्याबाहेर तो कोणावर बंधनकारक नाही. बाहेर त्याचा उल्लेख होतो तो मार्गदर्शक म्हणून. इंटेलिजंट डिझाइनचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आजवर गेलेला नाही.